पर्यावरण-आरोग्यातली उन्हाळी इंटर्नशिप: आपल्याच तालुक्यात, मे महिन्याच्या उन्हात

बी.एस्सी. असो, बी.एस.डब्ल्यू. असो, कृषी असो की भूगोल घेऊन बी.ए.; पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोचलं की इंटर्नशिपचा विषय निघतोच. नव्या शैक्षणिक धोरणाने तर तिला श्रेयांकच (क्रेडिट) चिकटवलेत. मग पोट्टे नागपूर-पुण्याच्या संस्थांच्या वेबसाइट चाळत बसतात, आणि इकडे आपल्याच गावच्या हापशीचं पाणी कधी तपासलं होतं, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. भोवतालामुळे माणूस आजारी कसा पडतो हे शिकायचं असेल, तर विदर्भातलं खेडं सोडून लांब जायची गरज नाही. एका गावात एकच प्रश्न नीट मोजण्यात गेलेला महिना मोठ्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळण्यात गेलेल्या महिन्यापेक्षा जास्त शिकवतो.

विषयांची वानवा नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णाकाठ म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारट. चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आणि औष्णिक वीज केंद्राची राख, गडचिरोलीत मलेरिया. आणि ऊन तर सगळ्यांच्याच वाट्याचं.

तयारी डिसेंबरात

मे उजाडल्यावर ‘सर, कुठे इंटर्नशिप आहे का?’ म्हणत येणाऱ्यांना बहुतेक वेळा उरलंसुरलं मिळतं. भारतीय विज्ञान अकादमी आणि तिच्या दोन सहयोगी अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी आदल्या वर्षाच्या शेवटालाच अर्ज करावा लागतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना एमबीबीएस-बीडीएसवाल्यांची आहे. बाकीच्यांनी तिच्या मागे वेळ घालवू नये. तालुक्याच्या पातळीवर काम करायचं ठरलं तर जाहिरात वगैरे काही निघत नाही. तिथे पत्र, परवानगी आणि पाठपुरावा एवढंच चालतं, आणि सरकारी परवानगीला दोन महिने लागू शकतात हे धरून चाला.

आणखी एक हिशोब आधी करा. चार श्रेयांकांच्या इंटर्नशिपला १२० तास लागतात. विदर्भात मे महिन्यात दिवसाला पाच तासांच्या वर बाहेरचं काम होत नाही, करूही नये. म्हणजे २४ दिवस, रविवार धरून चार आठवडे. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा कधी संपते ते पाहून तारखा टाका. परीक्षा लांबण्याचा अनुभव प्रत्येकाच्या घरी आहे, म्हणून पत्रात ‘साधारण’ हा शब्द असू द्या.

विषय निवडताना आधी महिना बघा

इथे बहुतेकांची गाडी अडते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हापासून दर वर्षी कोणी ना कोणी फवारणीवर प्रकल्प करायचा म्हणतो. विषय महत्त्वाचाच आहे, पण फवारणी होते जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. मे महिन्यात शेतात उभी असते ती कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, नाहीतर रिकामी काळी माती. त्या वेळी बघता येईल ते वेगळं: घरात औषधाचे डबे कुठे ठेवलेत, रिकाम्या डब्यांचं काय केलं, डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग काय सांगतो हे किती जणांना ठाऊक आहे. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. एवढ्यावर चांगला प्रकल्प होतो, फक्त त्याला ‘फवारणीचा अभ्यास’ म्हणू नका.

मलेरियाचंही तसंच, त्याचा जोर पावसाळ्यात आणि नंतर. उन्हाळ्यात खरोखर हाती लागणारे विषय म्हणजे पाणी, ऊन, कूलर आणि चूल. चुलीचा धूर मोजायचं यंत्र महाग असतं. तुराट्या-पऱ्हाट्या कोण जाळतं, गॅसची टाकी किती महिन्यांनी भरतात, स्वयंपाक घरात होतो की अंगणात, एवढं विचारूनही बरंच कळतं. पाणी आणि कूलर मात्र बिनखर्चात मोजता येतात, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

कोणाकडे जायचं

आरोग्य खात्याचा रस्ता सगळ्यात जवळचा. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्या हाताखालचे आरोग्यसेवक, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावातली आशाताई ही माणसं पाणी, डास, उष्माघात या तिन्हींवर वर्षभर काम करतात. वैद्यकीय अधिकारी बहुधा ‘वरून परवानगी आणा’ म्हणतील. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. अर्ज थेट जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या.

पाण्याचा विषय असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेला भेटा. जिल्हा परिषदेचा पाणी व स्वच्छता विभागही उपयोगी पडतो.

संस्थांपैकी सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून खेड्यांत काम करतंय. तिथल्या सामुदायिक वैद्यक विभागाला लिहून बघा. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही आरोग्य-संस्था आहे. नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणूनच सुरू झाली होती. तिथे अर्ज कॉलेजमार्फत करा आणि शुल्क, राहण्याची सोय, मार्गदर्शक कोण हे लेखी विचारून घ्या. ऑनलाइन पैसे भरले की चार दिवसांत ‘पर्यावरण इंटर्न’चं प्रमाणपत्र पाठवणारेही बरेच झालेत. त्यांच्या नादी लागू नका.

पैशाचं सांगायचं तर तालुक्यातल्या कामाला विद्यावेतन बहुधा मिळत नाही. म्हणून आपलं किंवा मामाचं, आत्याचं गाव निवडणं शहाणपणाचं. राहणं-जेवण सुटतं, आणि ‘कोणाची पोरगी?’ या प्रश्नाला उत्तर असतं.

अर्ज एका पानात संपवा. साधारण असा:

*प्रति, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, ______.*
*विषय: ______ प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात विद्यार्थी इंटर्नशिप करण्यास परवानगी मिळणेबाबत.*
*महोदय, मी ______ महाविद्यालयात बी.एस्सी. द्वितीय वर्षात शिकत आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून साधारण ५ मे ते १ जून या काळात ______ गावातील पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी व उर्वरित क्लोरिनची नोंद करू इच्छितो/इच्छिते. कोणत्याही रुग्णाची वैयक्तिक माहिती अथवा रक्ताचे नमुने घेतले जाणार नाहीत. अहवालाची प्रत आपल्या कार्यालयास सादर करीन. प्राचार्यांचे पत्र सोबत जोडले आहे.*

रुग्णाची माहिती आणि रक्ताचे नमुने घेणार नाही, हे वाक्य गाळू नका. परवानगी निम्मी त्यानेच सोपी होते. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच जवळ ठेवा. पंधरा दिवसांनी फोन करताना तो क्रमांक सांगितला की फाइल सापडते.

पहिल्या आठवड्यात फॉर्म बाहेर काढू नका

हातात कागद दिसला की गावात एकच समज होतो. ‘कायचा सर्वे आहे वं पोरी? घरकुल भेटते का याच्यातून?’ असं पहिल्याच दारात ऐकायला मिळेल. म्हणून आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा, आशाताईंसोबत नुसतं गाव फिरा. विहिरी, हापशा, टाकी, सार्वजनिक नळ, उकिरडे, नाल्या हाताने काढलेल्या एका नकाशावर मांडा. वॉर्डांची नावं सरकारी नकोत. लोक म्हणतात तीच लिहा.

गावाचं वेळापत्रक या दिवसांत वेगळं असतं. जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असेल तर झुंजूमुंजू होताच घरंच्या घरं रिकामी होतात, आणि माणसं परतली तरी पुडे बांधण्यात गुंततात. लग्नाची दाट तिथी असली की उरलेलं गाव वऱ्हाडात. अशा दिवशी घरभेटी ठेवू नका, नोंदी नीट लिहून काढा. बायकांशी बोलायला पाणी भरायची वेळ बरी, पण तेव्हा बोलायचं ते कळशी धरू लागूनच.

मुलींनी एकटीने लांबच्या पाड्यावर जाऊ नये. आशाताई किंवा आरोग्यसेविका सोबत असू द्या. शेवटची एसटी किती वाजता आहे ते पहिल्याच दिवशी वहीच्या मुखपृष्ठावर लिहा. काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

पाणी कसं मोजायचं

गावच्या प्रत्येक सार्वजनिक स्रोताची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता पाहणी होते, आणि तिच्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे ते विचारा आणि मग त्याच नजरेने स्वतः बघा. विहिरीला कठडा आहे का? हापशीचा ओटा फुटलाय का, सांडपाणी परत आत मुरतंय का? पंधरा मीटरच्या आत शौचालयाचा खड्डा किंवा उकिरडा आहे का? जनावरं तिथेच धुतात का? या पाहणीला यंत्र लागत नाही. पुढे येणाऱ्या आकड्यांचा अर्थ मात्र तिच्यामुळेच लागतो.

त्यानंतर क्लोरिन. गावचं पाणी सांभाळणारा जलसुरक्षक टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो. सगळे तिला टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो, पण उघडं पोतं टिनाच्या खोलीत मे महिनाभर राहिलं की तो उडून जातो. पावडर पांढरी ती पांढरीच दिसते, जोर मात्र संपलेला. म्हणून पोतं कुठे ठेवलंय, तोंड बांधलंय का, आणल्याची तारीख काय, हेही टिपा. ओटी टेस्टचं द्रावण आरोग्यसेवकाकडे असतं; पाण्यात क्लोरिन उरला असेल तर त्याने पिवळा रंग येतो. पावडर टाकून निदान अर्धा तास होऊ द्या, मग शेवटच्या नळापर्यंत जाऊन तपासा. ग्राहकाच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन उरायला हवा. टाकीखालच्या नळाला पिवळा रंग आला आणि मोहल्ल्याच्या टोकाला आलाच नाही, तर तुमच्या प्रकल्पाला तिथे सुरुवात झाली असं समजा.

उघड्या विहिरीचा हिशोब स्वतः करून बघा. व्यास तीन मीटर आणि पाणी दोन मीटर असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे साधारण १४ घनमीटर, अर्थात १४,००० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर ३५ ग्रॅम लागते. आता तीच विहीर उन्हाळ्यात आटून पाणी अर्ध्या मीटरवर आलं तर नऊ ग्रॅमही पुरे. प्रत्यक्षात किती टाकतात? बहुतेक ठिकाणी ‘एक मूठ’ हे माप बाराही महिने तेच असतं. चार आठवडे रोज पाण्याची पातळी, टाकलेली पावडर आणि उरलेला क्लोरिन एवढे तीन रकाने भरले तरी पदवीच्या पातळीला उत्तम काम होतं.

फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी जलजीवन मिशनच्या किट गावोगावी दिलेल्या आहेत, आणि त्या वापरायला गावातल्याच महिलांना शिकवलेलं आहे. त्या ताईंना सोबत घ्या. त्यांचं किट परस्पर उचलून नेऊ नका. भारतीय मानकानुसार फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५. किटचा रंग हा इशारा असतो, निकाल प्रयोगशाळेचाच धरायचा.

नमुना घेताना पुढच्या गोष्टी पाळा. रासायनिक तपासणीची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून मिळते, ती अजिबात विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, वर थोडी जागा रिकामी ठेवायची. हापशी आधी दोन-तीन मिनिटं चालवा. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, फार तर २४ तासांत. आणि शुक्रवारी दुपारी जंतूंचा नमुना घेऊ नका. शनिवार-रविवार बंद दारासमोर तो वाया जातो.

फ्लोराइडच्या गावात दातांची पाहणी करायचा मोह होतो. दातांवरचे पट्टे लहानपणी, दात तयार होत असताना प्यायलेल्या पाण्याचे असतात. म्हणून सुनांचे दात त्यांच्या माहेरच्या पाण्याबद्दल सांगतात, सासरच्या नाही. ‘पहिली आठ-दहा वर्षं कोणत्या गावात गेली?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये नसेल तर अख्खी आकडेवारी बिघडते. दात तपासायचं काम दंतवैद्याचं. तुम्ही फक्त पाण्याचा इतिहास विचारा.

कूलर

हा विषय खास आपला. घरोघरी पत्र्याचे कूलर, त्यांत महिनोन्महिने साचलेलं पाणी, आणि पाऊस पडून हवा गार झाली की पाणी तसंच ठेवून कोपऱ्यात ढकललेली ती पेटी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्या स्वच्छ साठ्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही काही महिने तग धरतात, टाकी घासावी लागते.

आरोग्यसेवकासोबत टॉर्च घेऊन फिरा. शंभर घरं तपासली आणि बारा घरांत अळ्या सापडल्या तर घर निर्देशांक १२. कूलर, रांजण, माठ, टायर, फ्रिजमागचा ट्रे यांचे रकाने वेगळे ठेवा, म्हणजे कोणत्या भांड्यावर जोर द्यायचा ते दिसतं. दार उघडणाऱ्याला अळ्या तळहाताएवढ्या वाटीत घेऊन दाखवा. भाषण देण्याची गरज पडत नाही.

तुमची स्वतःची तब्येत

पारा ४५ च्या वर जातो तिथे इंटर्नने उष्माघाताने आडवं होणं कोणालाच परवडणारं नाही. काम सकाळी सहा ते साडेदहा, मग थेट संध्याकाळी पाचनंतर. डोक्याला ओला दुपट्टा, सुती पूर्ण बाह्या, तहान नसली तरी पाणी, पिशवीत ओआरएसची पुडी. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, आजीला बरं वाटतं. पण ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर चढून माणूस बरळायला लागला तर कांद्याने काही होत नाही. त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. उन्हाळ्यात आरोग्य केंद्रांत उष्माघात कक्ष असतो. आपल्या केंद्रात तो कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

उन्हाचाच प्रकल्प करायचा असेल तर टिनाचं, कवेलूचं आणि स्लॅबचं अशी तीन घरं निवडा. तीनही ठिकाणी सारखाच तापमापक सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा आणि रोज ठरलेल्या तीन वेळांना आकडा घ्या. रात्री दहाचा आकडा चुकवू नका. दुपारी सगळीच घरं तापतात; रात्री कोणतं घर निवतच नाही, तेच तर शोधायचंय.

नोंदी आणि निकाल

विचारण्याआधी संमती घ्या, आणि नाही म्हटलं तर पुढच्या दारी जा. फॉर्मवर नाव नको, घराला क्रमांक द्या. नाव आणि क्रमांकाची जोडी वेगळ्या वहीत, ती वही कोणाला दाखवायची नाही. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि स्टेटसवर टाकू नका. रोजची पानं रोज रात्री संगणकात किंवा निदान मोबाइलच्या तक्त्यात उतरवा.

निकाल वाईट आला तर? किटवर हापशीत फ्लोराइड जास्त दिसलं म्हणून चौकात ‘हे पाणी विष आहे’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. लोकांनी ती हापशी सोडली आणि दूषित नाल्यावर गेले, तर जबाबदार कोण? प्रथम प्रयोगशाळेकडून खात्री, मग वैद्यकीय अधिकारी आणि ग्रामसेवक यांना लेखी कळवणं, आणि पर्यायी पाणी कुठलं हे ठरल्यावरच गावाला सांगणं. गावाला सांगायचं मात्र नक्की. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या आणि नकाशा भिंतीवर लावून दाखवा. उलट्या-जुलाबाचे रुग्ण दिसले तर मात्र बैठकीची वाट बघत बसू नका, त्याच तासाला आरोग्य केंद्राला कळवा.

अहवाल दहा-बारा पानांच्या वर नेऊ नका. काय मोजलं, कसं मोजलं, काय सापडलं, काय मोजता आलं नाही. इंटरनेटवरून उचललेलं ‘पाण्याचे महत्त्व’ हे प्रकरण आधी फाडून टाका. एक प्रत कॉलेजला, एक आरोग्य केंद्राला, एक ग्रामपंचायतीला.

आणि प्रमाणपत्राचा मसुदा शेवटच्या आठवड्यात तुम्हीच टाइप करून न्या, तारखा आणि एकूण तास घालून. मे-जून हा बदल्यांचा मोसम असतो. ज्या साहेबांनी परवानगी दिली ते जुलैत त्याच खुर्चीवर असतीलच असं नाही, आणि नवे साहेब तुम्हाला ओळखत नाहीत. सही-शिक्का जूनच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन टाका.